मणक्याच्या फ्रॅक्चरनंतरचे मातृत्व

दुचाकीचा अपघात किंवा उंचावरून पडणे यांमुळे ऐन तारुण्यातही मणका मोडू शकतो. रुग्ण तरुण स्त्री असेल, तर ती चालू लागण्याआधीच घरात एक प्रश्न कुजबुजला जातो : हिला पुढे मूल होईल ना? मणका मोडला की मातृत्व संपले, हा समज चुकीचा आहे. मात्र त्यासाठीची तयारी गर्भधारणेपूर्वीच करावी लागते.

इजा हाडाला की मज्जारज्जूला?

पाठीच्या कण्यात मानेचे ७, छातीचे १२ आणि कमरेचे ५ मणके असून, त्याखाली त्रिकास्थी व माकडहाड असते. छातीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात, तेथे फ्रॅक्चरचे प्रमाण अधिक आढळते. मणक्यांच्या पोकळीतील मज्जारज्जू शाबूत असेल, तर प्रश्न मुख्यतः हाड जुळण्याचा आणि पाठीचे स्नायू बळकट होण्याचा असतो. हाड जुळण्यास साधारण तीन महिने लागतात. पाठीची ताकद परतण्यास त्याहून अधिक काळ लागू शकतो. विशेष मार न लागता मणका खचला असेल, तर क्षयरोग किंवा हाडांचा ठिसूळपणा यांचा आधी शोध घ्यायला हवा.

गरोदरपणात वजन साधारणतः १० ते १२ किलोने वाढते, कमरेचा बाक वाढतो आणि रिलॅक्सिन या संप्रेरकामुळे सांध्यांचे बंध सैलावतात. त्यामुळे जुने दुखणे डोके वर काढू शकते. किती काळ थांबावे, याची एकच मुदत सर्वांना लागू पडत नाही. तो निर्णय अस्थिरोगतज्ज्ञाच्या तपासणीनंतरच घ्यावा.

मज्जारज्जूला इजा असल्यास

अशा इजेनंतर पाळी काही महिने बंद राहू शकते; पुढे ती बहुधा पूर्ववत होते व गर्भधारणेची क्षमताही सहसा टिकून राहते. पाळी परतण्याआधीही गर्भ राहू शकतो, हे ध्यानात ठेवावे. गरोदरपणी मूत्रमार्गाचा संसर्ग, शय्याव्रण आणि पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका वाढतो.

इजा छातीच्या दहाव्या मणक्याच्या वर असल्यास प्रसूतीच्या कळा जाणवतीलच असे नाही. म्हणून पोटावर हात ठेवून गर्भाशयाचे आकुंचन ओळखण्यास शिकून घ्यावे. इजा सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर असल्यास रक्तदाब अकस्मात भडकण्याचा धोका असतो. तीव्र डोकेदुखी, चेहऱ्यावर लाली व घाम ही त्याची लक्षणे होत. गरोदरपणातील नेहमीचा उच्च रक्तदाब समजून याकडे पाहिल्यास घात होऊ शकतो. रुग्णाला तत्काळ उठवून बसवावे, कपडे सैल करावेत, मूत्राशय तुंबले आहे का ते पाहावे आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे.

गर्भधारणेपूर्वी काय करावे?

* आवश्यक एक्स-रे व सीटी स्कॅन आधीच उरकून घ्यावेत.
* वेदनाशामके, मज्जातंतूंच्या दुखण्यावरील प्रीगॅबालिनसारखी औषधे आणि हाडांच्या ठिसूळपणावरील बिस्फॉस्फोनेट यांबाबत डॉक्टरांशी बोलावे. औषधे परस्पर बंद करू नयेत.
* किमान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड घ्यावे. कॅल्शियम व 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढावी.
* धूम्रपान सोडावे. त्याने हाड जुळण्यासही विलंब होतो.

सिझेरियन अटळ नाही

मणक्यात बसवलेल्या सळ्या व स्क्रू गर्भाला अपाय करत नाहीत. बरे झालेले फ्रॅक्चर एवढ्या एकाच कारणावरून सिझेरियन करण्याची गरज नसते. मात्र सळ्यांमुळे पाठीत भुलेचे इंजेक्शन देणे अवघड होऊ शकते. म्हणून भूलतज्ज्ञाची भेट आयत्या वेळी नव्हे, गरोदरपणातच घ्यावी. प्रसूतीसाठी जाताना शस्त्रक्रियेची कागदपत्रे व जुने एक्स-रे सोबत असावेत. बाळ झाल्यावर वाकून उचलण्याचे श्रम कमी व्हावेत, यासाठी पाळणा आणि दुपटी बदलण्याची जागा कमरेच्या उंचीवर ठेवावी. हे काम घरच्यांनी आधीच करून ठेवलेले बरे.