‘बहुसंख्य कामगारांस समजणारी भाषा’ : पिरंगुटच्या गोदामांच्या निमित्ताने

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुळशी तालुक्यातील पिरंगुट हे गाव लागते. भाताच्या खाचरांचा हा मुलूख गेल्या काही दशकांत कारखान्यांचा झाला आणि कारखान्यांच्या पाठोपाठ तेथे गोदामेही आली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर केवळ कराच्या सोयीसाठी प्रत्येक राज्यात लहान लहान गोदामे ठेवण्याचे प्रयोजन उरले नाही. मोठ्या शहरांच्या कडेला संख्येने थोडी, परंतु विस्तीर्ण गोदामे उभारण्याकडे व्यापाराचा कल झाला आणि पुण्याभोवतीचा पट्टा त्यास अपवाद राहिला नाही.

अशा गोदामास दोन फलक असतात. एक रस्त्याकडे तोंड करून असतो. तो मराठीत व देवनागरीत असला पाहिजे, असे दुकाने व आस्थापना अधिनियमाच्या २०२२ सालच्या दुरुस्तीने ठरविले आहे. दुसरा आत, हजेरीच्या जागेजवळ असतो. पाळीच्या वेळा, पगाराचा दिवस, सुट्ट्या, रजेची रीत, दारावरील झडती, कोणत्या वर्तनास कोणता दंड, ह्या गोष्टी त्यावर लिहिलेल्या असतात. किंबहुना असाव्यात अशी अपेक्षा असते. पहिल्या फलकाच्या भाषेविषयी विधिमंडळात, न्यायालयात व वृत्तपत्रांत पुष्कळ वाद झाला. दुसऱ्याच्या भाषेविषयी तसा वाद झाल्याचे दिसत नाही. वस्तुतः कामगाराच्या भाकरीशी संबंध आहे तो दुसऱ्याचा, आणि त्याचा इतिहासही जुना आहे.

फलकापूर्वी मुकादम होता. ‘मुकादम’ हा शब्द मूळ अरबी. मराठी राजवटीतील कागदपत्रांत ‘मोकदम’ म्हणजे गावचा पाटील. मुंबईच्या गिरण्यांत व गोद्यांत हा शब्द आला तेव्हा टोळी जमविणारा, कामावर घेणारा व काढणारा मनुष्य असा त्याचा अर्थ झाला. अधिकाराचा भाग तेवढा कायम राहिला. काम केव्हा सुरू, केव्हा बंद, दंड किती, हे सारे त्याच्या तोंडून कळे; आणि तोंडून कळलेले दुसऱ्या दिवशी बदलू शके. लेखी सूचना त्या काळी प्रजेस अपरिचित होती असे नव्हे, परंतु ती वरून खाली येणारी आज्ञा असे. मुळशी पेट्याला तिचा अनुभव १९२१ साली आला. टाटांच्या धरणासाठी जमिनी घेण्याचा व्यवहार सरकारी संपादनाच्या मार्गाने झाला आणि त्याविरुद्ध त्या वर्षीच्या रामनवमीस सत्याग्रह सुरू झाला. जमीन जाणार हे सांगणारा कागद कोणत्या भाषेत आहे, ह्यास तेथे फारसे महत्त्व नव्हते. कारण त्या कागदाने सरकार स्वतःस कशानेही बांधून घेत नव्हते.

कामाच्या ठिकाणचा नियम ही त्याहून निराळी वस्तू आहे, हे प्रथम ओळखले ते कामगारांच्या पुढाऱ्यांनी. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे ५,५०० सह्यांच्या अर्जात रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाचे ठराविक तास आणि मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा, अशा मागण्या होत्या. ह्या मागण्यांचे एक समान लक्षण ध्यानात घेण्यासारखे आहे. बहुतेक मागण्या ‘अधिक द्या’ अशा नसून ‘ठरवून द्या’ अशा आहेत. साप्ताहिक सुट्टी १८९० च्या जूनमध्ये मान्य झाली. बाकीचे ठरून येण्यास फार काळ लागला.

१९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात गिरणीमालकांचे स्थायी आदेश हा वादाचा एक प्रमुख विषय होता आणि फॉसेट समितीने १९२८-२९ मध्ये त्यांची तपासणी केली. मुंबई प्रांताच्या १९३८ च्या औद्योगिक तंट्यांच्या कायद्याने अशा आदेशांना प्रथम कायद्याचे अधिष्ठान दिले, आणि १९४६ च्या केंद्रीय कायद्याने ते देशभर नेले. ह्या कायद्याच्या परिशिष्टातील विषयांची यादी म्हणजे आतल्या फलकाची जणू विषयसूचीच आहे : कामगारांचे वर्ग, कामाच्या वेळा व पगाराचे दिवस कळविण्याची रीत, पाळ्या, उशीर, रजा, कोणत्या दाराने आत यावे, झडती, कामावरून कमी करणे, तक्रारीची दाद. हे आदेश इंग्रजीत व ‘बहुसंख्य कामगारांस समजणाऱ्या भाषेत’, बहुसंख्य कामगार ज्या दाराने आत येतात त्या दाराजवळ खास फलकावर लावावेत, असे कलम ९ सांगत असे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये हेच शब्द आले आणि फलक स्वच्छ व वाचता येण्याजोगा ठेवावा एवढी भर पडली.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात कामगारांपैकी ‘बहुसंख्यांची भाषा’ असे म्हटले होते. दहा वर्षांनी ‘बहुसंख्यांची’ हे षष्ठीचे रूप जाऊन ‘बहुसंख्यांस समजणारी’ असे झाले. हा फरक मसुदा लिहिणाऱ्याने हेतुपुरस्सर केला की सहज झाला, हे त्या शब्दांवरून ठरविता येत नाही. परंतु परिणाम मोठा आहे. भाषा कोणाची आहे हे विचारून कळते, जनगणनेत मोजता येते. भाषा समजते की नाही, ह्यास मात्र पायऱ्या आहेत. ‘इकडे ये, पेटी उचल’ हे समजणे निराळे आणि कोणत्या कारणास्तव किती दिवसांचे वेतन कापले जाईल हे वाचून समजणे निराळे. कोणती पायरी पुरेशी, हे कायद्याने कोठेच सांगितले नाही. गिरणगावात त्याने बिघडले नाही. तेथे रत्नागिरी-साताऱ्याकडील माणसांचे इतके प्राबल्य होते की ‘बहुसंख्यांची’ व ‘बहुसंख्यांस समजणारी’ भाषा बहुधा एकच ठरे.

त्या फलकावरील मराठीचे व्याकरणही पाहण्याजोगे आहे. ‘कामगारांनी पाळी सुरू होण्यापूर्वी हजर व्हावे’, ‘ह्याची नोंद घ्यावी’, अशा विध्यर्थी वाक्यांत द्वितीय पुरुष नसतो. ही भाषा रुक्ष आहे, सरकारी आहे, अशी टीका नेहमी होते व ती खोटी नाही. परंतु मुकादमाच्या तोंडच्या ‘अरे’ आणि ‘तू’ नंतर ती वाचली म्हणजे तिचे मोल निराळे दिसू लागते. ‘तू उद्या लवकर ये’ हे वाक्य बोलणाऱ्याच्या मर्जीवर उभे असते. ‘कामगारांनी सात वाजता यावे’ हे एकदा लिहून लावले म्हणजे सहा वाजता बोलावणाऱ्यास त्याचे उत्तर द्यावे लागते. गिरण्यांच्या द्वारसभा ज्या दारापाशी भरत त्याच दारापाशी हा फलक असे, आणि मालकाने लावलेला कागद त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्याची कला कामगार संघटनांनी चांगली साधली होती.

शब्दसंग्रहात मात्र ओढाताण झाली. ‘पगार’ पोर्तुगीज, ‘हजेरी’, ‘रजा’ अरबीवरून. त्यांस कोणी परके मानीत नाही. कामगारांच्या तोंडचा ‘खाडा’ म्हणजे हजेरीपटातील रिकामी जागा आणि पगारातील वजावट, दोन्ही एकदम. फलकावरील ‘गैरहजेरी’त पहिला अर्थ आला, दुसरा गळला. ‘उचल’ हा सर्वांचा शब्द असता ‘अग्रिम’ आला. ‘बदली’ची कथा तर मजेची आहे. आयत्या वेळी दुसऱ्याच्या जागी घेतलेल्या गिरणी कामगारास ‘बदली’ म्हणत. आदर्श स्थायी आदेशांच्या इंग्रजी पाठाने तो शब्द जसाच्या तसा उचलला. सरकारी मराठीत मात्र ‘बदली’ म्हणजे एका जागेहून दुसऱ्या जागी नेमणूक. त्यामुळे एकाच फलकावर हा शब्द दोन अर्थांनी येण्याची सोय झाली, आणि इंग्रजी पाठ अधिक सुबोध ठरण्याचा विलक्षण प्रसंग मराठी कामगारावर आला.

आता पिरंगुटकडे वळावे. ही सारी परंपरा कारखान्याची आहे आणि गोदाम हा कायद्याने कारखाना नव्हता. १९४८ च्या अधिनियमात शीतगृहातील साठवण ‘निर्माणप्रक्रिया’ मानली होती, साध्या गोदामातील नव्हे. मालाची वेष्टनबांधणी त्या व्याख्येत होती. म्हणून एकाच छपराखाली बांधणीचा भाग कारखाना आणि साठवणीचा भाग दुकान, असा वाद संभवे. ओझे वाहणाऱ्यांची परंपरा निराळ्या वाटेने गेली. पुण्यात १९५० नंतरच्या दशकात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले, आणि १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा अधिनियम झाला. ह्या कायद्याने कामगारांचीच नावे शीर्षकात घेतली, ही भाषेच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. हमाली, तोलाई, वाराई, थप्पी, टोळी हा शब्दसमूह मंडळांच्या कागदांतून टिकून राहिला. परंतु तो टिकला बाजारपेठेत. नव्या गोदामात ‘हमाल’ नाही, ‘हेल्पर’ आहे. ‘थप्पी’ नाही, ‘स्टॅकिंग’ आहे. बाजार समितीतील ‘आवक-जावक’ तेथे ‘इनवर्ड-आउटवर्ड’ झाली. ही केवळ रुचीची बाब नाही. कामाचे नाव बदलले म्हणजे ते काम १९६९ च्या कायद्यात बसते की नाही, असा तंटाही उभा राहतो.

आणि येथील कामगार एका भाषेचा नाही. मराठवाडा-विदर्भातील तरुणांबरोबर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथील माणसे येतात, बहुधा ठेकेदारामार्फत. कंत्राटी कामगारांविषयीच्या केंद्राच्या १९७१ च्या नियमांत इंग्रजी, हिंदी व स्थानिक भाषा अशा तिघींची अपेक्षा होती. प्रत्यक्षात ‘समजणारी भाषा’ म्हणून हिंदीवर भागविणे सोपे जाते. लिपी एकच असल्याने वाचता येणे म्हणजे समजणे, असा भ्रमही होतो. ‘राजीनामा’ हा शब्द मराठीत नोकरी सोडल्याचा कागद आहे. हिंदी-उर्दूत ‘राज़ीनामा’ म्हणजे संमतीचा किंवा तडजोडीचा लेख. त्या शब्दाखाली सही करणाऱ्या दोन कामगारांस आपण काय लिहून दिले, ह्याची समजूत एकच असेल असे धरता येत नाही.

धोक्याच्या सूचनेत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात कलम ४१-ब घालून घातक प्रक्रियेची माहिती कामगारांस देणे बंधनकारक केले गेले. पिरंगुटजवळच्या उरवडे येथे ७ जून २०२१ रोजी एका रासायनिक कारखान्यास आग लागून १७ कामगार मृत्यू पावले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्या दुर्घटनेच्या कारणांची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु त्या परिसरात ‘माहिती देणे’ ह्या शब्दांचा अर्थ, कोणास, कोणत्या भाषेत व कोणत्या पायरीपर्यंत, असा विचारल्याखेरीज यापुढे लावता येऊ नये.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९३६, १९४६ व १९४८ चे हे कायदे त्यांनी निरस्त केले. औद्योगिक संबंध संहितेत ‘उद्योग’ हा शब्द रुंद घेतला असल्याने गोदामासही स्थायी आदेश लागू होण्याची वाट मोकळी झालेली दिसते. पण उंबरठा ३०० कामगारांचा आहे. १९४६ च्या कायद्यात तो १०० चा होता आणि महाराष्ट्राने तो ५० वर आणला होता. भाषेविषयीचे कलमही बदलले आहे. ‘बहुसंख्य कामगारांस समजणारी’ हे शब्द गेले. आदेश कोणत्या भाषेत व कोणत्या रीतीने ठेवावयाचे, हे नियमांवर सोपविले आहे. चार ठेकेदारांची माणसे एकाच गोदामात राबत असतील तेथे ३०० कोणाचे मोजावयाचे, हे आधी ठरले पाहिजे. सूचना दरम्यान भ्रमणध्वनीवर येऊ लागल्या आहेत. तेथे ती पाठविणाऱ्यास नंतर पुसूनही टाकता येते.