पाण्याकाठचा बाजार

रायपूरच्या तेलीबांधा तलावाच्या काठाला शहरातले लोक मरीन ड्राइव्ह म्हणतात. संध्याकाळी तिथे फिरणारे, खाणारे, मुलांना खेळवणारे यांची दाटी असते आणि छत्तीसगडच्या राजधानीला मिळालेली नवी सोय म्हणून तिचे कौतुक होते. पण मोकळ्या जागेत, पाण्याच्या सोबतीने खरेदी आणि करमणूक एकत्र करणे ही या मुलखाची फार जुनी रीत आहे. खारून नदीच्या महादेव घाटावर हटकेश्वर महादेवाचे मंदिर आहे. त्याचा संबंध पंधराव्या शतकारंभीच्या कलचुरी राजा ब्रह्मदेवाच्या काळाशी जोडला जातो. तिथे कार्तिक पौर्णिमेला पुन्नी मेळा भरतो. पहाटेचे स्नान, दर्शन, मग बांगड्या, खेळणी, खाऊ, पाळणे. सुगीनंतर गावोगाव भरणाऱ्या मडईतही हेच: गोड उखरा, देवांच्या डांगा (उंच बांबू), राऊतांचा नाच आणि रात्रभर चालणारे लोकनाट्य ‘नाचा’. या लोकनाट्याला ना तिकीट ना पडदा. रायपुरात जन्मलेले नाटककार हबीब तन्वीर यांनी त्यातलेच कलावंत घेऊन ‘चरणदास चोर’ हे नाटक उभे केले आणि 1982 साली ते एडिनबर्गला गाजले. ज्या रंगभूमीचे जगाने कौतुक केले, ती अशा उघड्यावरच्या गर्दीत वाढली होती.

शहराचा कायमचा बाजार नंतर फोफावला. नागपूरकर भोसल्यांच्या काळात या मुलखावर राज्य करणाऱ्या बिंबाजी भोसल्यांची गादी रतनपूरला होती. 1818 नंतर इंग्रज अधिकारी अ‍ॅग्न्यू याने कारभार रायपूरला आणला, 1867 मध्ये नगरपालिका झाली, पुढे रेल्वे आली. शहरातल्या गोल बाजारात लग्नाचे सामान, पूजासाहित्य, भांडी, मसाले एकाच फेरीत मिळू लागले. मेळ्यातला विक्रेता आणि बाजारातला दुकानदार यांच्यात एक गोष्ट समान होती: थोड्या भांडवलाच्या माणसालाही तिथे माल मांडता येई.

आजच्या तलावाकाठीही अशा विक्रेत्याला जागा हवी. यावर कोणी म्हणेल की मेळा वर्षातून एकदा भरतो, रोजच्या शहराला शिस्त हवी, आणि तलाव घाण झाले होते हे विसरू नये. हे खरे आहे. तेलीबांधा आणि बुढा तलावाची सफाई गरजेचीच होती. गोल बाजारातल्या कोंडीचा त्रासही खोटा नाही. पण स्वच्छता आणि ठेलेवाला एकत्र नांदू शकत नाहीत, हे यातून सिद्ध होत नाही. फेरीवाल्यांसाठीचा 2014 चा केंद्रीय कायदा नगर विक्रय समिती नेमायला सांगतो आणि तिच्यात किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावेत असे ठरवतो. म्हणजे शिस्त लावण्याची वाट कायद्यात आहेच, आणि ती विक्रेत्याला सोबत घेऊन जाते. केवळ मोठे भाडे परवडणाऱ्यांसाठी राखलेला काठ कितीही देखणा असला तरी या शहराच्या परंपरेत बसत नाही. रायपूर महापालिकेने तलावाकाठचा पुढचा आराखडा आखताना उखरा आणि मुर्रा (चुरमुरे) विकणाऱ्या बायकांच्या जागा आधी आखाव्यात, फूड कोर्टची जागा नंतर.