जुन्या मोटारींचा संसार

नवी मोटार विकत घेता येते. जुनी मोटार सांभाळावी लागते. या दोन क्रियापदांत जे अंतर आहे, त्यातच जुन्या मोटारीच्या मालकाच्या सुखदुःखाचा सारा इतिहास सामावलेला आहे. आज एखाद्या मेळाव्यात चकाकणारी जुनी मोटार दिसली, की पाहणाऱ्याला वाटते, ही कोणा हौशी माणसाच्या प्रेमामुळे टिकली. वस्तुतः भारतात जुन्या मोटारी टिकल्या त्या प्रथम प्रेमामुळे नव्हेत, तर टंचाईमुळे. प्रेम मागाहून आले. हा क्रम ध्यानात घेतला म्हणजे जुन्या मोटारींविषयीच्या पुष्कळशा गोष्टींचा उलगडा होतो.

स्वातंत्र्यापूर्वी या देशात मोटारींची जोडणी होत असे, घडण होत नसे. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ साली मुंबईत जोडणीचा कारखाना काढला. फोर्ड कंपनीही त्याच सुमारास भारतात आली. परदेशातून पेट्यांत भरून आलेले भाग येथे एकमेकांना जोडावयाचे आणि मोटार रस्त्यावर सोडावयाची, असा तो उद्योग होता. संपूर्ण मोटार आपल्या देशात तयार व्हावी हा ध्यास ज्यांनी घेतला, त्यांत सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद हे अग्रणी होते. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईजवळ कुर्ला येथे तिचा कारखाना उभा राहिला. त्याआधी दोन वर्षे, म्हणजे १९४२ साली, बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी गुजरातेतील ओखा बंदरात निघाली होती. ती १९४८ साली बंगालमधील उत्तरपारा येथे गेली.

निर्णायक वर्ष ठरले ते १९५३. टॅरिफ कमिशनने त्या वर्षी अशी शिफारस केली, की ज्या कंपन्यांपाशी टप्प्याटप्प्याने मोटारी येथेच घडविण्याची योजना असेल त्यांनाच या धंद्यात राहू द्यावे. सरकारने ती मान्य केली. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपले जोडणीचे काम बंद केले. बाजारात उरल्या मोजक्या देशी कंपन्या आणि त्यांच्या मोजक्या गाड्या. ब्रिटनमधील मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीवरून १९५७-५८ मध्ये अँबॅसडर निघाली, आणि ती २०१४ सालच्या मे महिन्यापर्यंत तयार होत राहिली. इटलीच्या फियाट ११०० या मोटारीची भारतीय आवृत्ती १९७४ साली पद्मिनी झाली आणि विसावे शतक सरेपर्यंत कुर्ल्याहून बाहेर पडत राहिली. मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड ही तिसरी.

मागणी मोठी, उत्पादन थोडे, आयातीवर कडक बंधने. याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. नंबर लागून हाती आलेली गाडी दुसऱ्या दिवशी विकली, तर खरेदीहून अधिक किंमत येई. अशा काळात ‘मोटार जुनी झाली, आता टाकून देऊ’ हा विचार मनात येणेच शक्य नव्हते. वडिलांची मोटार मुलाकडे येई, मुलाकडून पुतण्याकडे जाई. लोकांनी तिला नावे ठेवली तीही घरच्या माणसाला ठेवावीत तशी. फियाटच्या एका जुन्या गुबगुबीत घाटाला मुंबई-पुण्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणत. त्या नावात हेटाळणी नव्हती, जवळीक होती.

या टंचाईच्या पोटी एक नवा कारागीर जन्माला आला. तो म्हणजे रस्त्याच्या कडेचा मेकॅनिक. त्याच्यापाशी पदवी नव्हती, कंपनीचे इंग्रजी पुस्तक नव्हते. होते ते पान्यांचे एक खोके, एक जॅक आणि तयार कान. दहा-बारा वर्षांचा पोर उस्तादाच्या हाताखाली प्रथम पाने पुसावयास लागे, मग चाके खोलावयास, मग प्लग आणि डेल्कोचे पॉइंट साफ करावयास. आणि इंजिन उघडण्याची परवानगी मिळेपर्यंत तो मिसरूड फुटलेला तरुण झालेला असे. बालपणाची किंमत देऊन मिळविलेली ही विद्या होती, हे विसरता कामा नये. परंतु विद्या खरीच होती. बॉनेट न उघडता, केवळ आवाजावरून, टॅपेट वाजते आहे की बेअरिंग, हे तो सांगू शके.

त्याच्या पाठीशी एक मोठी व्यवस्था उभी होती. मुंबईचा चोरबाजार आणि कुर्ला, दिल्लीचे काश्मिरी गेट, कलकत्त्याचा मल्लिक बाजार, मद्रासचे पुदुपेट या ठिकाणी मोडलेल्या मोटारींचे भाग मिळत. जो भाग तेथेही मिळत नसे, तो लेथवर कातून घेतला जाई. सिलिंडर झिजले तर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवीत. पत्रा कुजला तर तेवढाच तुकडा कापून नवा जोडीत. कंपनीने जो भाग फेकून द्यावा म्हणून बनविला, तो भाग दुरुस्त करणे हे या कारागिराचे वैशिष्ट्य.

गोमंतकाचे उदाहरण या दृष्टीने मोठे बोलके आहे. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या वर्षांत भारतातील आयातबंधने गोव्याला लागू नव्हती. त्यामुळे जर्मन आणि इतर युरोपीय मोटारी तेथे सहज येत. १९६१ सालच्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि या मोटारी एका रात्रीत अशा देशाच्या नागरिक झाल्या, की जेथे त्यांचे सुटे भाग दुर्मीळ होते. तरीही मर्सिडीझ-बेन्झच्या डिझेल गाड्या गोव्यात टॅक्सी म्हणून पुढे कैक वर्षे धावल्या. त्या धावल्या याचे श्रेय जर्मन पोलादाला द्यावेच लागेल. पण तितकेच म्हापसा-मडगावच्या मेकॅनिकांनाही द्यावे लागेल. क्यूबामध्ये हेच घडले. अमेरिकेने १९६० पासून व्यापार रोखल्यावर तेथील जुन्या अमेरिकन मोटारींच्या पोटात रशियन इंजिने बसली आणि त्या चालत राहिल्या. आयात थांबली, की माणसाचे हात कामाला लागतात, हा नियम दोन्हीकडे सारखाच दिसतो.

आता या संसारातील दुःखांकडे वळावे. जुन्या मोटारीचे एक काम काढले, की तीन कामे निघतात, हा सिद्धान्त मालकांनी फार पूर्वीच मान्य केलेला आहे. ब्रेक लागत नाही म्हणून मास्टर सिलिंडर उघडावे, तर रबरी वॉशर कुजलेले सापडतात. ते बदलावे, तर वाढलेला दाब न सोसून जुनी नळी फुटते. नळी काढताना तिचा गंजलेला बोल्ट तुटतो. उन्हाळ्यात पेट्रोल पंपापाशीच तापून त्याची वाफ होते आणि इंजिन गप्प बसते. मग पंपावर ओले फडके ठेवून सावलीत वाट पाहावी लागते. मुंबईहून पुण्यास जाताना बोरघाटात, बेळगावहून सावंतवाडीस उतरून परतताना आंबोलीत, इंदूरहून मुंबईच्या वाटेवर बिजासन घाटात, बॉनेट उघडून वाफ सोडीत उभ्या असलेल्या मोटारी हे एके काळी नित्याचे दृश्य होते. पाण्याचा डबा बरोबर न घेता घाट चढणारा मनुष्य अननुभवी समजला जाई. आणि कोकणच्या खाऱ्या हवेने व चार महिन्यांच्या पावसाने पत्र्याचे जे होते, त्याचे वर्णन न केलेलेच बरे.

मग आनंद तो कोणता? आनंद असा, की ही यंत्रे माणसाला समजत. पेट्रोल येते का आणि ठिणगी पडते का, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधली, की चालता चालता बंद पडलेल्या मोटारीच्या बहुतेक दुखण्यांचे निदान होई. कार्ब्युरेटरच्या जेटमधला कचरा फुंकून काढला आणि इंजिन पुन्हा गुणगुणू लागले, की जो संतोष होतो, तो विकत मिळत नाही. ज्या वस्तूचे अंतरंग आपल्याला ठाऊक आहे आणि जिची चूक आपल्या हातांनी सुधारता येते, तिच्याशी माणसाचे नाते मालकीपलीकडे जाते. पुढील पिढीच्या मोटारी अधिक सुरक्षित, अधिक काटकसरी आणि अधिक विश्वासू आहेत यात संशय नाही. परंतु त्या आपले दुखणे मालकाला सांगत नाहीत, संगणकाला सांगतात.

१९८३ सालच्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि टंचाईचे युग ओसरू लागले. १९९१ नंतर ते संपलेच. ज्या मोटारी निरुपायाने जपल्या जात होत्या, त्या आता भंगारात निघू लागल्या. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचे उदाहरण सर्वांना स्मरत असेल. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यांवरून नाहीशी झाली. धूर आणि अपघात यांचा विचार करता अशा मर्यादा अन्याय्य म्हणता येणार नाहीत. शहराची हवा ही जुन्या मोटारीच्या आठवणींहून महत्त्वाची आहेच.

एकीकडे सामान्यांच्या मोटारी मोडीत जात असताना दुसरीकडे श्रीमंती मोटारींचे भाग्य उजळत होते. दिल्लीत स्टेट्समन वृत्तपत्राने १९६४ साली जुन्या मोटारींची शर्यत-मिरवणूक सुरू केली. संस्थानिकांच्या मोटारी परदेशी ग्राहक विकत नेऊ लागले, तेव्हा १९७२ साली सरकारने अशा मोटारींच्या निर्यातीवर बंदी घातली. सहाव्या निजामांनी मागविलेली आणि त्यांच्या निधनानंतर हैदराबादेत पोहोचलेली रोल्स-रॉइस चौमहल्ला राजवाड्यात जपली गेली. निजामाच्या रेल्वेकडील १९१४ सालचा आगीचा बंब दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेला आणि शंभरी उलटल्यावरही स्वतःच्या इंजिनावर मिरवणुकीत धावला. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या प्रांगणात २०२३ साली देशोदेशींच्या जुन्या मोटारींचा मेळावा भरला. २०२१ सालच्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींना स्वतंत्र नोंदणी दिली. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क ठेवले आणि रोजच्या वा व्यापारी वापरास मात्र मनाई केली.

हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि यातून एक प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ हौशी मंडळींचा नाही. मेळाव्यात परीक्षक पाहतात ते मोटार मूळ स्वरूपात आहे की नाही हे. रंग तोच हवा, दिवे तेच हवेत, इंजिनावरचा क्रमांक जुळावयास हवा. या कसोटीने पाहिले, तर भारतीय रस्त्यावर चाळीस वर्षे राबलेली बहुतेक प्रत्येक मोटार नापास होईल. तिच्यात डिझेल इंजिन बसले असेल, आसनांवर तिसऱ्यांदा रेक्झीन चढले असेल, मडगार्डाचा अर्धा पत्रा कुठल्याशा दुसऱ्याच गाडीचा असेल. परंतु या दुरुस्त्या म्हणजे त्या मोटारीचा डाग नव्हे, तो तिचा इतिहास आहे. राजवाड्यातील मोटार आपल्याला सांगते, की ती कोणी विकत घेतली. रस्त्यावरची मोटार सांगते, की ती कोणी जगविली. देशाच्या उद्योगाचा इतिहास ज्याला लिहावयाचा आहे, त्याला दुसरी साक्ष पहिलीइतकीच मोलाची वाटली पाहिजे.

आणि ही साक्ष देणारी माणसे आता थोडी उरली आहेत. गंमत अशी, की मोटारीला आज पूर्वीपेक्षा अधिक जाणत्या हातांची गरज आहे. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जुन्या इंजिनांत शिशाचा सूक्ष्म थर व्हॉल्व्हच्या बैठकींचे रक्षण करीत असे. तो गेल्यावर कठीण धातूच्या बैठकी बसविणे आवश्यक ठरले. नंतर पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढत वीस टक्क्यांवर गेले. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे त्याने फुगतात, चिरतात. दोन्ही बदल त्या त्या धोरणांच्या दृष्टीने समजण्याजोगे होते. पण प्रत्येक बदलाबरोबर जुन्या मोटारीच्या मालकाला असा मनुष्य शोधावा लागतो, की जो तिचे जुने शरीर आणि नवे अन्न यांचा मेळ घालील. पैसे देणारे मालक पुष्कळ झाले. कार्ब्युरेटर कानाने जुळविणारे उस्ताद दिवसेंदिवस कमी होत गेले. त्यांच्या मुलांनी साहजिकच अधिक कमाईचे आणि कमी काळवंडणारे काम पत्करले. त्यांना दोष कोण देईल?

टंचाईने जो कारागीर घडविला, तो सुबत्तेत आपोआप टिकणार नाही. मोटारीला नोंदणी मिळाली, क्रमांकाची पाटी मिळाली, राजवाड्याचे अंगण मिळाले. मेकॅनिकच्या ज्ञानाची नोंद मात्र कोणत्याही वहीत झालेली नाही. ते त्याच्या बोटांत आहे आणि त्याच्याबरोबरच जाणार आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून एखाद्या जुन्या उस्तादाला वर्षातून काही दिवस सन्मानाने शिकवावयास बोलाविणे, त्याची पद्धत, त्याचे शब्द, त्याच्या युक्त्या मराठीत टिपून ठेवणे, हे फार खर्चाचे काम नाही. जुन्या मोटारींवर प्रेम करणाऱ्या संघटनांनी चषकांबरोबर एवढेही मनावर घेतले, तर पुढच्या पिढीला काचेआडची मोटार नुसती पाहावी लागणार नाही. ती चालू करता येईल.