बाटलीतली गोगलगाय आणि मावशीचा कुकर

"बिल तुमच्या नावावर नाही, मावशी. ज्यांनी घेतलाय त्यांना घेऊन या."

आमच्या मावशीला दुकानदाराने हे ऐकवलं तेव्हा तिच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी बांधलेली होती. दिवाळीला मुलीने नवा कुकर आणून दिला होता. तिसऱ्या आठवड्यात डाळ शिजत असताना झाकण उडालं. नशीब, तोंडावर आलं नाही. बिल मुलीच्या नावावर, मुलगी नोकरीला पुण्यात. दुकानात मागे पाटी होतीच, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." मावशी पाटी वाचून घरी आली.

मला आठ दिवसांनी कळलं. चिडलो. तर म्हणते, "जाऊ दे रे. मी कुठे विकत घेतलाय? आणि शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये."

मंडळी, ही म्हण आपल्याकडे इतकी मुरली आहे की ती कोणाच्या फायद्याची आहे हे कोणी विचारत नाही. म्हणून आज एक जुनी गोष्ट सांगतो. थोडी लांब आहे, पण चहा घेऊन बसा. पत्रकारितेचा डिप्लोमा करत असताना कायद्याच्या तासाला ही पहिल्यांदा ऐकली होती. तेव्हा परीक्षेपुरती पाठ केली. मावशीचा हात बघितल्यावर खरी कळली.

गोष्ट स्कॉटलंडची. २६ ऑगस्ट १९२८, रविवारची संध्याकाळ. ग्लासगोमध्ये राहणारी मे डोनोह्यू नावाची तिशीची बाई जवळच्या पेझली गावात गेली. दुकानात काम करणारी, नवऱ्यापासून वेगळी राहणारी, पदरात एक मुलगा. तिथल्या वेलमेडो कॅफेत ती मैत्रिणीबरोबर बसली. मैत्रिणीने तिच्यासाठी आइस्क्रीम आणि जिंजर बिअर मागवली. नावात बिअर असली तरी ते आल्याचं गोड पेय, आपल्याकडच्या सोड्याच्या बाटलीच्या जातीतलं. बाटली गडद तपकिरी, आतलं काही दिसणार नाही अशी. कॅफेवाल्याने थोडं आइस्क्रीमवर ओतलं, मे ते प्यायली. मग मैत्रिणीने उरलेलं ग्लासात ओतलं, तर बाटलीतून सडलेली गोगलगाय बाहेर आली. निदान मेचं म्हणणं तसं होतं.

तिचं पोट बिघडलं, धक्का बसला. तीन दिवसांनी डॉक्टर, पुढे ग्लासगोचं मोठं रुग्णालय.

आता प्रश्न असा की दाद मागायची कोणाकडे?

आजच्या माणसाला वाटेल, त्यात काय, कॅफेवाल्याला धरा. पण तेव्हाचा कायदा आधी विचारायचा, तुझा करार कोणाशी झाला? वस्तू विकत घेणं म्हणजे करार. कॅफेवाल्याशी करार झाला मैत्रिणीचा, कारण पैसे तिने दिले. बाटली भरणारा कारखानदार डेव्हिड स्टीव्हन्सन, त्याच्याकडून माल घेतला कॅफेवाल्याने. म्हणजे मैत्रिणीचा करार होता पण तिला काही झालं नव्हतं. मेला झालं होतं पण तिचा करारच नव्हता. पोटात गोगलगायीचं पाणी गेलेली बाई कायद्याच्या लेखी त्या व्यवहारात कोणीच नव्हती!

ओळखीचं वाटतंय ना? "बिल तुमच्या नावावर नाही, मावशी."

मेला वकील भेटला वॉल्टर लीचमन. या गृहस्थाची गंमत बघा. त्याच सुमारास तो दुसऱ्या एका कंपनीविरुद्ध जवळजवळ असाच खटला लढवत होता. तिथे जिंजर बिअरच्या बाटलीत उंदीर सापडला होता. मार्च १९२९ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की कारखानदाराची जबाबदारी नाही. लीचमन हरला. दुसरा कोणी असता तर त्याने मेची फाइल बांधून ठेवली असती. याने तीन आठवड्यांच्या आत स्टीव्हन्सनवर दावा ठोकला, ५०० पौंडांचा. कॅफेवाल्यालाही आधी ओढलं होतं, पण करार नसल्यामुळे त्याला सोडून द्यावं लागलं.

पहिल्या न्यायाधीशाने मेच्या बाजूने कौल दिला. वरच्या न्यायालयाने तो फिरवला, उंदराचा निकाल पुढे करून. आता एकच दार उरलं होतं, लंडनचं हाऊस ऑफ लॉर्ड्स. तिथे हरलं तर समोरच्याचा खर्च डोक्यावर येणार. मेकडे पैसा कुठला? तिने गरीब म्हणून दावा चालवू देण्याची परवानगी मागितली, आणि त्यासाठी शपथेवर लिहून द्यावं लागलं की आपल्याकडे सगळं मिळून पाच पौंडांचीही मालमत्ता नाही. गावच्या पुढाऱ्याकडून दाखला आणायलाही आपण लाजतो. या बाईने देशाच्या सर्वोच्च न्यायपीठासमोर आपली गरिबी कागदावर मांडली, पण माघार घेतली नाही.

२६ मे १९३२ ला निकाल लागला. पाच न्यायमूर्ती. दोन विरुद्ध, तीन बाजूने. एका मताने!

बहुमताच्या बाजूने लॉर्ड ॲटकिन यांनी जे लिहिलं, ते आपल्याला फार परकं वाटू नये. त्यांनी सूत्र घेतलं बायबलमधून, शेजाऱ्यावर प्रेम कर. मग विचारलं, कायद्याच्या दृष्टीने शेजारी कोण? त्यांच्या उत्तराचं सार असं, की आपल्या वागण्याने ज्याला इजा होऊ शकते हे आपल्याला समजायला हवं, तो आपला शेजारी. भिंतीला भिंत लागून असायची गरज नाही. झाकण लावून बंद केलेली, आतलं न दिसणारी बाटली जो बाजारात पाठवतो, त्याला माहीत असतं की ती मध्ये कोणी तपासणार नाही, थेट पिणाऱ्याच्या हातात जाणार. मग त्या पिणाऱ्याची काळजी घेणं हे त्याचं कर्तव्य. पैसे कोणी दिले हा प्रश्नच नाही. आपण ज्याला शेजारधर्म म्हणतो, तो त्या दिवशी कारखानदाराला लागू झाला.

आता यातला सगळ्यात मजेशीर भाग. त्या बाटलीत गोगलगाय खरंच होती का? हे कोणत्याही न्यायालयात कधीच सिद्ध झालं नाही! हाऊस ऑफ लॉर्ड्सने एवढंच ठरवलं की मेचं म्हणणं खरं निघालं तर कारखानदार जबाबदार राहील. पुरावा तपासायला खटला परत स्कॉटलंडला जायचा होता. तेवढ्यात स्टीव्हन्सन वारला आणि पुढे २०० पौंडांवर तडजोड झाली. ज्या गोगलगायीने अर्ध्या जगाचा कायदा बदलला, ती कोर्टाने पाहिलीच नाही.

हे झालं तिकडचं. आपल्याकडे काय?

आपला माल विक्रीचा कायदा १९३० चा, त्याच काळातला. त्याचं बघणं मुख्यतः विकणारा आणि घेणारा या दोघांकडे. आणि घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावं, हा त्यातला मूळ सूर. नुकसान झालं तर दिवाणी न्यायालय होतं, नाही असं नाही. पण वकील, कोर्ट फी आणि तारखा. दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी तिथे कोण जाणार? आपली ती म्हण इथूनच पक्की झाली असणार.

हे बदलायला हवं असं म्हणणारी माणसं आपल्या महाराष्ट्रातच उभी राहिली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी एकत्र यायचं, महिन्याचा किराणा एकदम घ्यायचा आणि वाटून घ्यायचा. साधी कल्पना, पण त्यातून "ग्राहक" म्हणून एकत्र उभं राहता येतं ही जाणीव आली. अशा चळवळींच्या रेट्यातून डिसेंबर १९८६ मध्ये देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. म्हणूनच २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन.

आणि या कायद्याने मेचा प्रश्न व्याख्येतच सोडवून टाकला. ग्राहक कोण? पैसे देऊन वस्तू घेणारा तर आहेच, पण घेणाऱ्याच्या संमतीने ती वापरणारासुद्धा ग्राहक. सेवेच्या बाबतीत, ज्याला सेवेचा लाभ मिळतो तोही ग्राहक. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यातही ही व्याख्या कायम आहे. मुलीने आईला कुकर दिला, आईने तो वापरला, तर आई ग्राहक. बिलावर नाव कोणाचंही असो.

हे नुसतं पुस्तकात राहिलेलं नाही. दिल्लीतल्या एका खासगी रुग्णालयात टायफॉइड झालेल्या लहान मुलाला नर्सने चुकीचं इंजेक्शन दिलं, त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. रुग्णालयाचं म्हणणं, आईवडिलांना भरपाई कशी? १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सेवा घेणारे आईवडील ग्राहक आणि जिच्यासाठी घेतली ती व्यक्ती, म्हणजे मूल, तेही ग्राहक. दोघांनाही भरपाई. आपल्या भागातल्या शेतकऱ्यांसाठी आणखी एक. निकृष्ट बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलं आहे. "शेती हा धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही" असं कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

२०१९ च्या कायद्यात आणखी एक गोष्ट आली, उत्पादन दायित्व. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर वस्तूची किंमत परत करून सुटका नाही, इजेची भरपाई मागता येते, आणि ती थेट कंपनीकडेही. ९० वर्षांपूर्वी मे डोनोह्यू जे मागत होती, नेमकं तेच.

आणि ती पाटी? सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत माल परत घेऊन पैसे द्यायला हवेत. मात्र एक लक्षात घ्या, हे सदोष मालासाठी आहे. साडीचा रंग घरी गेल्यावर आवडला नाही, यासाठी नाही. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. तेव्हा "कच्चं चालेल का?" असं विचारलं की "नाही" म्हणा.

कामाचं थोडक्यात सांगतो:

जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे वकिलाशिवाय जाता येतं. वस्तूसाठी दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनी दिल्लीची असली तरी. ऑनलाइनही होते. मुदत दोन वर्षं. आधी विचारायचं असेल तर हेल्पलाइन १९१५.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वस्तू टाकून देऊ नका. मेला गोगलगाय सिद्ध करावी लागली नाही, कारण तडजोड झाली. तुम्हाला मात्र दोष दाखवावा लागेल. फुटलेला भाग, फोटो, बिल, डॉक्टरांचे कागद, औषधांच्या पावत्या, सगळं एका पिशवीत ठेवा. विकण्यासाठी घेतलेल्या मालाला हा कायदा लागू नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता मावशीचं. तिने कुकर भंगारवाल्याला द्यायला काढून ठेवला होता, तो वाचवला. मुलीने व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो पाठवला. दुकानदाराला आणि कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्र गेलं. चार दिवसांत दुकानदाराचा फोन, "मावशी, पैसे घेऊन जा." कुकरची किंमत मिळाली. दवाखान्याच्या खर्चावर कंपनी गप्प आहे, म्हणून आयोगात तक्रार दाखल केली आहे. निकाल काय लागेल माहीत नाही, आणि लगेच लागेल असंही नाही. तारखा तिथेही पडतात, खोटं कशाला सांगू?

तक्रारीवर सही करायची होती, उजवा हात अजून नीट वळत नव्हता. मी म्हटलं, मुलीच्या नावाने करू या, सोपं जाईल. मावशी म्हणाली, "का? भाजलंय मला ना? मग नाव माझंच घाल." आणि डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. मी थांबवलं. पाच मिनिटं लागली, पण उजव्या हाताने सही केली.

तुमच्या घरात "बिल तुमच्या नावावर नाही" म्हणून परत पाठवलेलं कोणी असेल, तर कमेंटमध्ये लिहा. आणि आई-मावशी-आजी ज्या ग्रुपमध्ये आहेत, तिथे ही पोस्ट पाठवा. घरातल्या वस्तू सगळ्यात जास्त त्याच वापरतात, आणि बिलावर नाव त्यांचं क्वचितच असतं.