न कळणाऱ्या भाषेतला पहिला तास

इंग्लंडमधल्या हिचिन गावात 1837 साली बांधलेली एक शाळाखोली अजून उभी आहे. तीनशे मुलगे एकाच दालनात बसत आणि एकटा मास्तर, मोठ्या मुलांना हाताशी धरून, साऱ्यांना शिकवी. आज तिथे संग्रहालय आहे. ते मुख्यतः स्वयंसेवक चालवतात आणि शाळकरी मुले तिथे येऊन जुन्या काळचा तास अनुभवतात. त्या पद्धतीत लहानग्यांना अक्षरे गिरवायला वाळू देत, आणि ही वाळू आपल्या ओळखीची आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथालयाचे काम पाहणाऱ्या अँड्र्यू बेलने देशी शाळेतली मुले वाळूत बोटाने लिहिताना पाहिली. ती युक्ती त्याने इंग्लंडात मांडली आणि जोसेफ लँकेस्टरने उचलली. आपल्या पंतोजींची धुळपाटी हेच तर करत होती. धुळाक्षरे हात फिरवताच पुसली जातात, पण गिरवण्याची रीत समुद्र ओलांडून टिकली. शाळेचा इतिहास वस्तूंपेक्षा अशा रीतींमध्ये अधिक साठतो, म्हणून तो कपाटात मांडून कळत नाही, करून पाहावा लागतो.

नंदुरबार जिल्ह्यात असे संग्रहालय उभे करायचे तर कोणती रीत करून पाहायची? टाक, दौत, पितळी घंटा एवढ्यावर भागणार नाही. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के लोक आदिवासी आहेत. साक्षरता सुमारे 64 टक्के होती, तेव्हा राज्याची 82 टक्के. या तफावतीमागे गरिबी, अंतर, स्थलांतर अशी अनेक कारणे आहेत. पण वर्गाच्या उंबऱ्यावरच भेटणारे कारण भाषेचे आहे. पावरी, भिलोरी, मावची बोलणाऱ्या घरातले मूल शाळेत येते आणि गुरुजी बोलतात ती मराठी त्याला परकी असते. ते गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्याला मंदपणा समजले जाते. म्हणून इथल्या संग्रहालयातला पहिला तास पावरीत व्हावा. मराठी पाहुण्याला जमिनीवर बसवावे, न कळणाऱ्या भाषेत प्रश्न विचारावा आणि उत्तराची वाट पाहावी. ती काही मिनिटे जे शिकवतील ते कोणताही तक्ता शिकवणार नाही.

हा तास घेणार कोण, यातच स्वयंसेवकांचे महत्त्व आहे. बाहेरून नेमलेला मार्गदर्शक बहुधा शिक्षण डोंगरात कसे ‘पोचवले गेले’ याची कहाणी सांगेल. प्रत्यक्षात इथल्या लोकांनी शाळा घडवल्याही आहेत. नर्मदा बचाओ आंदोलनाच्या काळात, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, अक्कलकुवा तालुक्यातल्या चिमलखेडीत जीवनशाळा सुरू झाली. पुढे नदीकाठच्या इतर गावांतही झाल्या. लाकूड-बांबूच्या भिंती गावकऱ्यांनी उभ्या केल्या, शिकवणारे तरुण त्याच पाड्यांतले होते, धडे बोलीतून सुरू होत. सरदार सरोवराचे पाणी चढले तसे शाळांनाही डोंगर चढावा लागला. ज्यांनी त्या भिंती बांधल्या, त्यांच्याच हाती त्यांची आठवण असायला हवी.

आक्षेप येतील. पहिला असा की साक्षरता अजून कमी असताना संग्रहालय ही चैन आहे. पण शिक्षक होऊ पाहणाऱ्या बाहेरच्या तरुणाने डोंगरात रुजू होण्याआधी तो न कळणारा तास भोगला, तर संग्रहालय आजच्या वर्गाच्याच कामी येईल. दुसरा आक्षेप, वस्तू कुठे आहेत? बांबूची भिंत जुनी राहत नाही, हे खरे. पण ती विणणारे हात आहेत आणि विणून दाखवणे हाच तिचा जतनमार्ग आहे. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: स्वयंसेवक आपलाच गौरव सांगतील, आणि बोलीचा अभिमान मराठीची गरज झाकून टाकेल. कचेरी, बाजार, नोकरी यांची दारे मराठीने उघडतात आणि आईबापांना मुलांसाठी ती हवी असते. जीवनशाळाही बोलीतून मराठीकडेच नेत. म्हणून प्रत्येक आठवणीपुढे गाव आणि साल लिहावे; आश्रमशाळेने ज्याचे आयुष्य उभे केले त्याचे बोल आणि जो तिथून पळून घरी आला त्याचेही बोल शेजारी ठेवावेत. गौरवाला उतारा अधिक साक्षींचा असतो.

नंदुरबार शहराने शाळकरी मुलांची एक आठवण जपली आहे. 9 सप्टेंबर 1942 च्या मिरवणुकीवर झालेल्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती हुतात्मा झाले. शिरीषकुमार अवघा पंधरा वर्षांचा होता. त्यांचे स्मारक असणे योग्यच आहे. मात्र वर्गाच्या शेवटच्या रांगेत गप्प बसून राहिलेल्या आणि एक दिवस यायची थांबलेल्या मुलांचाही इतिहास असतो. त्यांच्यासाठी दगडी चौथरा पुरणार नाही. त्यांच्या भाषेत विचारलेला एक प्रश्न आणि त्यापुढे निरुत्तर बसलेला पाहुणा, हेच त्यांचे स्मारक होईल.