तकरार आणि मुतारहा : उजळणीच्या एका जुन्या रीतीविषयी

मराठीत ‘तक्रार’ म्हणजे गाऱ्हाणे. मूळ अरबी ‘तकरार’चा अर्थ मात्र पुनरावृत्ती असा आहे. उर्दूत त्याला वादाचा, भांडणाचाही अर्थ जडला. मदरशांत मूळ अर्थ अजून टिकून आहे. धडा संपल्यावर विद्यार्थी गटाने बसतात, एक जण उस्तादांनी शिकविलेले पुन्हा मांडतो, बाकीचे त्याला अडवून शंका विचारतात. यालाच तकरार म्हणतात. प्रश्नमंजूषेसारखे वर्गातील खेळ ही केवळ आधुनिक शिक्षणाची देणगी आहे, असे मानणाऱ्यांनी या रीतीकडे अवश्य पाहावे.

या विषयावर सर्वांत स्पष्ट लिहिले ते बुरहानुद्दीन जरनूजी यांनी. ‘हिदाया’चे कर्ते मरगीनानी (मृत्यू इ. स. ११९७) हे त्यांचे उस्ताद. ‘तालीमुल मुतअल्लिम’ हा जरनूजींचा तेरा प्रकरणांचा छोटा ग्रंथ विद्यार्थ्यांसाठीच आहे. कालचा धडा पाच वेळा, परवाचा चार वेळा, त्याआधीचा तीन, मग दोन आणि एक वेळा म्हणावा, असा उतरता क्रम ते सांगतात. तोही पुटपुटत नव्हे, उत्साहाने. पाठांतराला महत्त्व देणारा हाच लेखक पुढे म्हणतो की, घटकाभराची मुतारहा महिनाभराच्या तकरारपेक्षा सरस आहे. येथे तकरार म्हणजे एकट्याने केलेली घोकंपट्टी, आणि ‘मुतारहा’ म्हणजे एकमेकांपुढे प्रश्न टाकणे. ‘तरह’ या धातूचा अर्थच टाकणे, फेकणे असा आहे. चेंडू टाकावा तसा प्रश्न टाकायचा! मदरशांतील आजची तकरार नावाने पहिली असली, तरी स्वरूपाने दुसरीच्या अधिक जवळची आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मात्र जरनूजींची एक अट आहे. चर्चा सत्य शोधण्यासाठी असावी. समोरच्याला हरविण्याच्या हेतूने, रागाने केलेली चर्चा त्यांना मान्य नाही. आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांतील प्रश्नमंजूषेत नेमके उलटे घडते. चार हुशार मुले व्यासपीठावर, घंटी वाजविणाऱ्यास गुण, आणि उरलेला वर्ग टाळ्या वाजवायला. ज्यांना उजळणीची खरी गरज, त्यांच्याकडे प्रश्न जातच नाही. तकरारीच्या गटात बघ्याची जागा नसते. शिवाय समजावून सांगणाऱ्याचाच धडा सर्वांत पक्का होतो, हे कोणताही शिक्षक सांगेल. गुणफलक असू नये असे नाही. पण तो गटाचा असावा आणि उत्तर कोणी द्यायचे ते चिठ्ठीने ठरावे.

याच संदर्भात जरनूजींनी इमाम अबू हनीफा (रह.) यांचे उदाहरण दिले आहे. इमामसाहेब कापडाचे व्यापारी होते आणि दुकानात बसल्या बसल्याच त्यांची मुतारहा चाले. त्यावरून विद्या आणि रोजी एकत्र चालू शकतात, असा निष्कर्ष ग्रंथकार काढतात. शाळा सुटल्यावर वडिलांच्या दुकानात बसणारी मुले आपल्या वर्गांत थोडी नाहीत. त्यांना घरचा अभ्यास म्हणून दहा ओळी उतरवायला देण्याऐवजी, गिऱ्हाईक नसताना शेजारच्या मित्राला विचारायचे पाच प्रश्न द्यायला हरकत नाही.