ड्रायसूट
स्कूबा पद्धतीने, म्हणजे पाठीवरच्या टाकीतील दाबयुक्त हवेवर श्वास घेत, थंड पाण्यात बुडी मारणाऱ्या पाणबुड्याचे अंग कोरडे ठेवणारा जलरोधक पोशाख. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकन भौतिकविज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी कल्पिलेला वेटसूट निओप्रीन या रबरातील वायूच्या बुडबुड्यांमुळे ऊब राखतो, परंतु १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होऊन हे बुडबुडे जवळजवळ निम्म्याने आक्रसतात, आणि थंडी वाढते नेमकी तिथेच पोशाख पातळ पडतो. ड्रायसूटमध्ये मान व मनगटांशी लॅटेक्स किंवा सिलिकॉनच्या घट्ट पट्ट्या पाणी अडवतात. पातळ पटलाचा सूट स्वतः फारशी ऊब देत नाही, ती मिळते आतल्या लोकरी वा कृत्रिम धाग्यांच्या कपड्यांत अडकलेल्या हवेमुळे. खाली जाताना आक्रसणारी ही हवा टाकीतून नळीद्वारे भरून काढतात व वर येताना झडपेतून सोडतात. ती न सोडल्यास पाणबुड्या अनावर वेगाने पृष्ठभागाकडे फेकला जातो. खोल बुड्यांत श्वासाच्या मिश्रणात हेलियम असतो, पण तो उष्णता झपाट्याने वाहून नेत असल्याने सूटमध्ये वेगळ्या छोट्या टाकीतून मंदवाहक आर्गॉन भरण्याची प्रथा आहे.

आइसलँडमधील थिंगवेट्लिर येथील सिल्फ्रा भेगेत, जिथे लाव्हातून गाळून आलेले हिमनदीचे पाणी वर्षभर २ ते ४ अंश सेल्सिअस असते, ड्रायसूट अपरिहार्य ठरतो. अशा पाण्यात हवेचा दाब उतरवणारा रेग्युलेटरही गोठून हवा अखंड सोडू लागू शकतो.